वाहिस: जलचरांच्या रोगांची जागतिक नोंदवही

कोळंबी आणि मत्स्यसंवर्धनात काम करणाऱ्यांनी एकदा तरी उघडून पाहावे असे, देशोदेशीच्या प्राण्यांच्या व जलचरांच्या रोगांच्या नोंदी देणारे ‘वाहिस’ हे संकेतस्थळ पॅरिसच्या जागतिक पशुआरोग्य संघटनेने सर्वांसाठी विनामूल्य खुले ठेवले आहे. भारतातून ब्राझीलला निघालेल्या गुरांमुळे 1920 मध्ये बेल्जियममध्ये बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा रोग पसरला, आणि त्या धक्क्यातून 1924 साली 28 देशांनी ही संघटना उभी केली; रोगाची बातमी लपवण्यापेक्षा शेजाऱ्याला कळवणे स्वस्त पडते, हा तिचा मूळ विचार येथेही दिसतो.

नोंदी 2005 पासूनच्या आहेत. देश, रोग आणि कालावधी निवडला की त्या देशाने स्वतः कळवलेली स्थिती समोर येते, आणि ‘रोग नाही’ व ‘माहिती नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या दाखवल्या जातात, ही मला या सेवेची सर्वांत प्रामाणिक बाजू वाटते. व्हानामेई कोळंबीचे प्रजनक (बीज मिळवण्यासाठीचे नर-मादी) परदेशातून आणताना, किंवा तिलापिया माशाच्या बीजाचा मूळ देश तपासताना, विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा या नोंदींवर अधिक विसंबता येते. अर्थात, नोंद सरकारनेच करायची असल्यामुळे ज्या देशाची तपासणी दुबळी, त्याचे पान स्वच्छ दिसण्याचा धोका राहतोच.

खरी अडचण वेळेची आहे. एखाद्या देशात संघटनेच्या यादीतील रोग प्रथमच आढळला, किंवा संपल्याचे जाहीर झाल्यावर पुन्हा उद्भवला, तर खात्री झाल्यापासून 24 तासांत कळवावे लागते आणि त्यानंतर दर आठवड्याला पाठपुरावा करावा लागतो. परंतु आपल्याकडील कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासारखा जो रोग मुक्कामालाच आहे, त्याची माहिती सहामाही अहवालात जाते. कोळंबीचे एक पीक साधारण चार महिन्यांत निघत असल्याने, अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत पालघर किंवा रायगडमधील तलाव रिकामा होऊन पुन्हा भरलेलाही असतो. थायलंडमध्ये मुख्यालय असलेल्या आशिया-पॅसिफिकच्या मत्स्यसंवर्धन केंद्रांच्या जाळ्याशी संबंधित तिमाही अहवाल या बाबतीत किंचित सरस ठरतात, पण तेही धोक्याची घंटा म्हणून पुरेसे नाहीत.

पानांची भाषा इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश, म्हणजे हिंदीसुद्धा नाही. आणि मोबाईलवर नकाशे वाचणे कष्टाचे आहे.

त्यामुळे माझी शिफारस मर्यादित आहे: हॅचरीचालक (बीज तयार करणारे), आयातदार, मत्स्य महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि निर्यातीची कागदपत्रे हाताळणारे यांनी वाहिसचा नियमित वापर करावा. तलावावर कोळंबी मरू लागली असेल तर मात्र तेथे वेळ घालवू नये. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने तयार केलेल्या आणि 2023 मध्ये सुरू झालेल्या ‘रिपोर्ट फिश डिसीज’ या ॲपवर माहिती कळवावी, नमुना पीसीआर (रोगजंतूची जनुकीय खूण शोधणाऱ्या) तपासणीला द्यावा आणि निकाल येईपर्यंत तलावाचे पाणी खाडीत सोडू नये.