हायलक्सवर कोणता कॅम्पर: पक्क्या भिंतींचा की पॉप-टॉप?

ऑस्ट्रेलियात पर्थला असलेल्या माझ्या भाच्याला गिब रिव्हर रोड, म्हणजे तिथल्या वायव्येकडचा आडवाटेचा रस्ता, गाडीने करायचाय. सुमारे ६६० किलोमीटर, बराचसा खडीचा, पन्हाळी पत्र्यासारखा. डबल कॅब (चार दारांच्या) हायलक्स पिकअपच्या हौद्यावर बसणारा कॅम्पर, म्हणजे झोपायची फिरती खोली, पक्क्या भिंतींचा घ्यावा की छत उचललं की कापडी भिंती उलगडणारा पॉप-टॉप, इथे त्याचं घोडं अडलंय.

आधी वजन. डबल कॅबची भार वाहायची क्षमता साधारण एक टन, त्यातच माणसं, बुलबार (पुढचा लोखंडी संरक्षक दांडा), आणि शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. माहितीपत्रकातलं वजन बहुधा रिकाम्या कॅम्परचं असतं, त्यावर भुलू नये. हौदा जेमतेम दीड मीटर, त्यामुळे भार मागच्या एक्सलच्याही मागे लोंबतो. अशा रस्त्यावर चासी वाकू शकते. इथे पॉप-टॉप सरस: हलका, बुटका, वाऱ्याला आणि फांद्यांना कमी अडणारा. डिझेलही कमी पितो.

पक्क्या भिंतींचा सहसा महाग. पण पोचलं की थेट झोपायचं, थंडी-वाराही बाहेर. पॉप-टॉपचं कापड ओलं मिटलं की बुरशी धरते, आणि भाच्याचा आळस मला ठाऊक आहे! अर्थात तिथे कोरड्या हंगामातच जायचं, म्हणून पाऊस गौण. धूळ दोन्हींत शिरतेच.

कॅम्पर गाडीवरून उतरवणं दोन्हींचं सारखंच, चार जॅकवर. जागा सपाट हवी.

डबल कॅब आणि खडतर वाटा असतील तर पॉप-टॉप. सिंगल कॅबचा लांब हौदा आणि महिनोन्‌महिन्यांची भटकंती असेल, तर पक्क्या भिंती.