हायकू वाचायचा कसा: अर्थ शोधत की ऋतुशब्द धरून?

हायकू म्हणजे तीन ओळींची छोटी जपानी कविता. जपानी कवी बाशोचा १६८६ सालचा बेडकाचा हायकू वर्गात दिला की बहुतेक मुलं लगेच अर्थ शोधायला लागतात. जुनं तळं म्हणजे मन, बेडूक म्हणजे विचार, आवाज म्हणजे साक्षात्कार! 'कवीला काय सांगायचे आहे?' या परीक्षेतल्या प्रश्नाने लावलेली ही सवय. तिचा एक फायदा मात्र आहे, बुजरा विद्यार्थीही बोलता होतो. पण तळं, पाणी, बेडूक सगळं दोन मिनिटांत हातून निसटतं.

दुसरी वाट मूळ शब्दांपाशी थांबायची. 'फुरुइके या / कावाझु तोबिकोमु / मिझु नो ओतो', म्हणजे जुनं तळं / बेडूक उडी घेतो / पाण्याचा आवाज. यातला 'या' म्हणजे किरेजी, ओळ तोडणारा शब्द. तळं दिसतं, क्षणभर काहीच घडत नाही, मग बेडूक उडी घेतो. 'कावाझु' म्हणजे बेडूक, हा इथला ऋतुशब्द, म्हणजे ऋतू सुचवणारा शब्द. त्यातून वसंत कळतो. आणि खरी गोष्ट पुढेच आहे. जुन्या जपानी कवितेत बेडूक यायचा तो त्याच्या डरावण्यासाठी. बाशोने त्याला गप्प ठेवलं आणि आवाज पाण्याचा ऐकवला. हे कळल्यावर हायकू पुन्हा वाचा, अंगावर काटा येतो. शिवाय जपानी शब्दावरून बेडूक एक की अनेक हे ठरत नाही. त्यावर मुलांना खुशाल भांडू द्यावं.

या वाटेला वेळ लागतो, शिक्षकाची तयारीही लागते. तरी मी हीच निवडेन. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेला हायकू शिकवतानाही आधी एवढंच विचारावं: काय दिसलं, काय ऐकू आलं?