दहा वर्षं जुनी कार्ब्युरेटरवाली की नवी इंजेक्शनवाली?

खिशात पस्तीस हजार आहेत. त्यात २०१५ सालची, फर्स्ट ओनर, शंभर सीसीची मोटारसायकल रोखीत मिळते. तेच पैसे डाऊन पेमेंट म्हणून भरले तर शोरूममधून नवी गाडी निघते आणि मागे हप्ता लागतो. लातूर-बीडकडून पुण्यात शिकायला आलेल्या पोराला हा प्रश्न पडतो, तसाच एमआयडीसीत पहिली नोकरी लागलेल्यालाही. सल्ले दोन टोकांचे मिळतात. गॅरेजवाला म्हणतो, जुनीसारखी गाडी आता होणे नाही. शोरूमवाला म्हणतो, जुनी घेऊन डोक्याला ताप कशाला? दोघांचंही पोट त्यावर आहे, तेव्हा आपला हिशेब आपणच मांडावा.

नव्या गाडीपासून सुरुवात करू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि शंभर सीसीच्या गाड्या थोड्या आवाक्यात आल्या. तरी आरटीओचा कर आणि नव्या दुचाकीला सक्तीचा असलेला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा धरून ऑन रोड आकडा नव्वद हजारांच्या आतबाहेर जातो. तीस हजार भरले तर साठ हजारांचं कर्ज उरतं. इथे फायनान्सवाला ‘फक्त दहा टक्के’ म्हणतो. ते दहा टक्के फ्लॅट असतील, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लागत असतील, तर तीन वर्षांचं व्याज १८,००० रुपये होतं, हप्ता २,१६७ रुपये बसतो आणि खरा दर जवळपास १८ टक्के पडतो. तेच साठ हजार बँकेतून १२ टक्के रिड्युसिंगने, म्हणजे उरलेल्या रकमेवरच व्याज देऊन, घेतले तर हप्ता दोन हजारांच्या आत येतो आणि व्याज पावणेबारा हजारांच्या आसपास राहतं. आकड्यात बारा मोठे दिसतात, पण स्वस्त तेच आहेत.

‘नवी ॲव्हरेज जास्त देते, हप्ता त्यातूनच सुटतो’ हा शोरूममधला आवडता युक्तिवाद. रोज ३० किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस, म्हणजे ७५० किलोमीटर. जुनी ५५ देते आणि नवी ६५, असं अगदी नव्याच्या बाजूने धरलं तरी फरक दोन लिटरचा. लिटरला १०४ रुपये धरले तर महिन्याला सव्वादोनशे रुपयेसुद्धा वाचत नाहीत. यातून दोन हजारांचा हप्ता कसा सुटणार? नवी गाडी घ्यायला दुसरी कारणं आहेत आणि ती चांगली आहेत, पण ॲव्हरेज हे त्यातलं नव्हे.

उलट बाजूने, जुनी गाडीही पस्तीस हजारांत घरी येत नाही. चेन सेट, मागचा टायर, क्लच प्लेट, बॅटरी, कोन सेट (हँडलचं बेअरिंग) यातलं दोन-तीन गोष्टींचं काम पहिल्या महिन्यात निघतंच. सात-आठ हजार बाजूला ठेवूनच सौदा करावा.

आता यंत्राकडे. भारतात छोट्या मोटारसायकलीला फ्युएल इंजेक्शन लावायचा प्रयत्न नवा नाही. हिरो होंडाने २००६ मध्येच ग्लॅमर एफआय आणली होती. बजाजने २००७ ची पल्सर २२० इंजेक्शनवर काढली आणि दोनच वर्षांत तीच गाडी कार्ब्युरेटरवर परत नेली. गिऱ्हाइकाला तेव्हा इंजेक्शन नकोच होतं. गावातल्या मिस्त्रीला ते उघडता येत नाही, हे एवढं कारण पुरेसं होतं. शेवटी ते आलं नियमामुळे. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचं बीएस-६ मानक लागू झालं आणि जवळजवळ सगळ्या गाड्यांमधून कार्ब्युरेटर गेला.

कार्ब्युरेटरला वीज लागत नाही. इंजिनाने हवा ओढली की त्या ओढीने जेटमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, पेट्रोल वर येतं. बॅटरी मेली तरी किक मारून अशी गाडी बहुतेक वेळा चालू होते, रिझर्व्हचा कॉक फिरवून पंप गाठता येतो, आणि पिकअप अडखळायला लागला तर कोणताही मिस्त्री अर्ध्या तासात कार्ब्युरेटर उतरवून पायलट जेट फुंकून देतो. त्रास तोही देतो. थंडीत चोक ओढावा लागतो, पावसाळ्यात टाकीत पाणी शिरलं की झटके सुरू होतात आणि गाडी महिनाभर उभी राहिली की जेट चिकटतं.

इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला विजेचा पंप दाबाने पेट्रोल पाठवतो आणि किती सोडायचं ते ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, ठरवतो. त्यासाठी त्याला थ्रॉटल, तापमान आणि सायलेन्सरमधला ऑक्सिजन सांगणारे सेन्सर असतात. थंडीत एका सेल्फला गाडी सुरू होते, घाटात वर चढल्यावर हवा-पेट्रोलचं मिश्रण आपोआप बदलतं, सेटिंग करत बसावं लागत नाही. पण बॅटरी पूर्ण बसली की पंप फिरत नाही, मग ढकलस्टार्टही उपयोगाचा नाही. पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो, त्यामुळे सतत काठावरच्या टाकीवर गाडी पळवणाऱ्यांचा पंप लवकर जातो. ज्याला रोज शंभर रुपयांचं पेट्रोल टाकायची सवय आहे त्याने ती सोडावी. आणि वायरिंग कापून एलईडीच्या माळा, मोठे हॉर्न लावू नयेत. इंजेक्शनच्या गाड्यांच्या न सापडणाऱ्या बिघाडांमागे अशी जोडकामं फार असतात.

इथेनॉलचा मुद्दा जुनी गाडी घेणाऱ्याने नीट समजून घ्यावा, कारण यावर अफवा भरपूर आहेत. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं ई२० पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच पेट्रोलला हवा जास्त होते, मिश्रण पातळ पडतं. इंजेक्शनची गाडी सेन्सरवरून ते ओळखून पेट्रोल वाढवते. कार्ब्युरेटरचं जेट जसं आहे तसंच राहतं, म्हणून जुनी गाडी सकाळी लवकर धरत नाही, गॅस सोडताना फटफट करते. एअर स्क्रू थोडा फिरवून मिस्त्री ते बरंचसं सुधारतो. रबराचा प्रश्न वेगळा. पेट्रोल पाईप, फ्लोट चेंबरचं पॅकिंग, कॉकमधलं वॉशर हे भाग ई२० साठी बनवलेले नव्हते, ते फुगतात, कडक होतात. हे सगळं काही शे रुपयांत बदलून होतं, इंजिन उघडावं लागत नाही. गाडी घेतल्याबरोबर बदलून टाका आणि पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी आठवडेच्या आठवडे उभी करू नका. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते.

नव्या गाडीचं खरं पारडं जड होतं ते ब्रेकमध्ये. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम न होऊ देणारी यंत्रणा) आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं आहे. शंभर सीसीत मिळतं ते बहुधा सीबीएस, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. ज्यांचा हात पुढच्या ब्रेकवर जातच नाही, आणि आपल्याकडे असे चालक कमी नाहीत, त्यांच्यासाठी हा बदल मोठा आहे. घरातलं पोर पहिल्यांदाच शहराच्या गर्दीत गाडी घालणार असेल, तर ऐपत असल्यास मी याच एका कारणासाठी नवी घ्यायला सांगेन.

गाव ते तालुका असा फेरा, रस्ता कच्चा, सर्व्हिस सेंटर ४० किलोमीटरवर आणि चौकात ओळखीचा मिस्त्री असेल, तर जुनी साधी गाडी आजही शहाणपणाची. शेतावर रात्री बंद पडली तर ती पाना-पक्कडीवर चालू होते. शहरात राहून रोज पन्नास किलोमीटर जाणाऱ्याने, कामावर उशीर झाला की खाडा लागणाऱ्याने आणि डिलिव्हरीचं काम करणाऱ्याने जुनीच्या वाटेला जाऊ नये.

डीलर तिसरा पर्याय पुढे करतात, २०२०-२१ ची बीएस-६ गाडी पंचावन्न-साठ हजारांत. मला हा सौदा सगळ्यात कमी पटतो. वॉरंटी संपलेली किंवा संपत आलेली, पंप-इंजेक्टरचे भाग महाग आणि आधीच्या मालकाने वायरिंगचं काय केलंय ते बाहेरून दिसत नाही. घ्यायचीच असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन स्कॅनर लावून घ्या. चावी फिरवल्यावर मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि गाडी सुरू होताच विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल, तर कुणीतरी बिघाड झाकलाय असं समजा.

जुनी बघायला जाताना सकाळी जा आणि आधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर मालकाने तुम्ही यायच्या आत गाडी चालू करून ठेवलीय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टन-रिंगचं काम येणार. मीटरवरच्या किलोमीटरवर विसंबू नका, ब्रेक पेडल आणि फूटरेस्टचं रबर किती झिजलंय ते बघा. मधल्या स्टँडवर लावून पुढचं चाक उचला आणि हँडल हळूहळू फिरवा. मध्यभागी खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट गेलाय. घेतल्यावर ऑइल टाकाल ते मोटारसायकलचंच, डब्यावर जासो एमए लिहिलेलं. कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरतो.

कागदांत चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा, एमपरिवहन ॲपवर थकलेले चलान बघा. नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २०१५ ची गाडी २०३० ला पुनर्नोंदणीला येते आणि तेव्हा पर्यावरण करही भरावा लागतो. ती गाडी एप्रिल २०१९ आधीची असल्याने एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, बसवलीय का ते विचारा. नसेल तर दुचाकीचे जीएसटीसह ५३१ रुपये किमतीतून कापून घ्या. आरसीवर कर्जाचा बोजा दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या समोर घ्या. ‘नाव नंतर बदलू’ म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नका, कितीही स्वस्त देत असला तरी.