सहायक दलाची पदचिन्हे बदलताना : हुद्दा दाखवावा की पद?

स्वयंसेवी सहायक दलाच्या गणवेशावरील पदचिन्हे बदलण्याचा प्रस्ताव समितीपुढे आला की चर्चा बहुधा रंग, कापड आणि खर्च यांपासून सुरू होते. प्रत्यक्षात आधी ठरवायला हवे ते निराळेच आहे : खांद्यावरची खूण त्या व्यक्तीने मिळवलेला हुद्दा सांगणार, की तिच्याकडे आज असलेले पद? अमेरिकेतील दोन सहायक दलांनी या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे दिलेली असल्यामुळे ती शेजारी ठेवून पाहणे उपयोगाचे ठरते.

डिसेंबर १९४१ मध्ये स्थापन झालेले आणि १९४८ पासून अमेरिकी हवाई दलाचे सहायक असलेले सिव्हिल एअर पेट्रोल हुद्द्याची पद्धत पाळते. हवाई दलाच्या धर्तीवरील हे हुद्दे मुख्यतः प्रशिक्षण आणि सेवाकाल यांवर मिळतात आणि एखादे पद सोडले म्हणून ते जात नाहीत. वर्षानुवर्षे शिकत राहणाऱ्या स्वयंसेवकाला यातून दिसेल अशी पावती मिळते, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. मात्र लेफ्टनंट कर्नलची चिन्हे लावलेला सदस्य त्याहून खालच्या कॅप्टन हुद्द्याच्या पथकप्रमुखाच्या हाताखाली काम करतो, असेही येथे घडू शकते. दलातल्या लोकांना त्यात वावगे वाटत नाही. मदतकार्याच्या ठिकाणी आलेला बाहेरचा अधिकारी मात्र नेमक्या चुकीच्या माणसाकडे जाऊन उभा राहतो.

१९३९ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकी तटरक्षक दलाच्या सहायक दलात सदस्यांना लष्करी हुद्दा नसतो. त्यांची चिन्हे तटरक्षक अधिकाऱ्यांच्या चिन्हांवर बेतलेली असली तरी ती निवडून आलेल्या किंवा नेमलेल्या पदाची असतात, आणि मूळ दलाच्या सोनेरी फितीच्या जागी येथे चंदेरी फीत व ‘ए’ हे अक्षर येते. कोण जबाबदार आहे हे कळण्यासाठी ही पद्धत अधिक प्रामाणिक आहे, असे माझे मत आहे. तिची किंमत भावनिक असते : मुदत संपलेल्या पदाधिकाऱ्याला खांद्यावरचा मान उतरवणे जड जाते, आणि माजी पदाधिकाऱ्यांसाठी वेगळे मानचिन्ह ठेवण्याची वाट या दलाने काढली आहे. जे दल पदाची पद्धत स्वीकारील त्याने ही तरतूद पहिल्याच दिवशी करावी, कारण नंतर केली तर ती समजूत काढल्यासारखी दिसते.

पदाची पद्धत सगळीकडे पुरत नाही, हे ब्रिटनच्या होम गार्डकडे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील सशस्त्र स्वयंसेवी दलाकडे, पाहिल्यास लक्षात येते. मे १९४० मध्ये उभ्या राहिलेल्या या दलात आरंभी नियमित लष्करी हुद्दे नव्हते, केवळ नेमणुका होत्या आणि त्या खांद्यावरील गडद निळ्या पट्ट्यांनी दाखवल्या जात. फेब्रुवारी १९४१ पासून अधिकाऱ्यांना राजाच्या सनदा आणि भूदलाचे हुद्दे मिळाले. सशस्त्र कामगिरीत नियमित सैन्याबरोबर उभे राहायचे असेल, तर समोरच्या सैनिकाला तत्काळ वाचता येईल असेच चिन्ह लागते. बहुतेक स्वयंसेवी दलांचे काम मात्र शोध, सुटका, प्रथमोपचार आणि प्रशिक्षण यांचे असते, आणि तेथे हा युक्तिवाद लंगडा पडतो.

मूळ दलापासूनचा वेगळेपणा किती ठेवावा, हा भाग सर्वांत नाजूक आहे. १९९० च्या सुमारास हवाई दलाने सिव्हिल एअर पेट्रोलच्या निळ्या खांदापट्ट्या बंद करून तांबूस जांभळ्या रंगाच्या आणायला लावल्या, तेव्हा सदस्यांनी त्यांना बेरी फळाच्या रंगावरून ‘बेरी बोर्ड’ असे कुत्सित नाव दिले. त्याच दशकात त्यांची जागा करड्या पट्ट्यांनी घेतली. याउलट ब्रिटनच्या शाही नौदलाच्या स्वयंसेवी राखीव दलातील अधिकाऱ्यांच्या बाहीवरची नागमोडी सोनेरी फीतही मुद्दाम वेगळी होती, पण दुसऱ्या महायुद्धात ‘वेव्ही नेव्ही’ हे टोपणनाव अभिमानाने मिरवले गेले, आणि १९५१ मध्ये सरळ फीत आणि तिच्या वेढ्यात ‘आर’ हे अक्षर आल्यावर अनेकांना जुन्या फितीची चुटपूट लागली. सदस्यांना विचारून स्वीकारलेला वेगळेपणा ओळख बनतो. वरून लादलेला, विशेषतः शिक्षेचा वास येणारा, रोज सकाळी गणवेश चढवताना टोचत राहतो. मूळ दलाची लेखी संमती आवश्यक असतेच, परंतु तिच्यासाठी पाठवायचा नमुना सदस्यांनी आधी पाहिलेला असावा.

जोडणीच्या प्रकाराबाबत फार काथ्याकूट करण्याचे कारण नाही. धातूचे चिन्ह देखणे असते, पण ते कापडाला भोके पाडते आणि सुटून पडले तर विमानाच्या इंजिनाजवळ धोक्याचे ठरते. शिवलेले चिन्ह टिकते, पण काढल्यावर विटलेल्या सदऱ्यावर त्याच्या जागी गडद ठसा उरतो. खांद्याच्या पट्टीवर सरकवायची कापडी नळी एकाच जोडीत अनेक सदऱ्यांवर चालते आणि बढती मिळाल्यावर किंवा पद बदलल्यावर लगेच बदलता येते. पदाची पद्धत निवडणाऱ्यांना तिच्याहून सोयीचे काही नाही.

एका ठरलेल्या दिवशी सर्वांनी बदलायचे, की जुने आणि नवे काही काळ बरोबरीने चालू द्यायचे, हे कोण पैसे देतो यावर ठरवावे. दल स्वतः चिन्हे पुरवत असेल तर एका दिवसाचा बदल नीटनेटका होतो. सदस्य स्वतःच्या खिशातून गणवेश घेत असतील तर सवलतीचा काळ देणेच न्याय्य आहे. सिव्हिल एअर पेट्रोलने जुना मैदानी गणवेश बाद करताना २०१६ ते २०२१ इतका अवधी दिला होता. पण त्यात संपूर्ण गणवेश बदलायचा होता. केवळ खांद्यावरच्या नळ्यांसाठी एवढा काळ ठेवला, तर एकाच रांगेत दोन पद्धतींची चिन्हे दिसत राहतात, आणि चिन्हाचा अर्थच बदललेला असेल, म्हणजे हुद्द्याऐवजी पद आले असेल, तर हा मिश्र काळ शक्य तितका आखूड ठेवून मूळ दलाला व सोबत काम करणाऱ्या यंत्रणांना नव्या चिन्हांचा सचित्र तक्ता आधीच पाठवावा लागेल.