नंबर लागतो मिनिटात, सिलिंडरसाठी दिवस जातो : आमच्या गॅस एजन्सीच्या घरपोच सेवेविषयी

नाशिकच्या ज्या भागात आम्ही राहतो तेथे घरगुती गॅसचे सिलिंडर पोहोचवणारी एजन्सी बरीच जुनी आहे. तिच्याविषयी माझी तक्रार मोठी नाही, तरीही ती सविस्तर लिहावीशी वाटते, कारण दर महिन्या-दीड महिन्याने तेच लहान लहान त्रास पुन्हा सोसावे लागतात आणि प्रत्येक त्रास एकेकटा पाहिला तर तो तक्रार करण्याजोगाही वाटत नाही.

आधी चांगले ते सांगतो. नंबर लावण्याची सोय उत्तम आहे. मिस्ड कॉल द्यावा, व्हॉट्सअॅपवर संदेश पाठवावा किंवा अॅपवरून पैसे भरून मोकळे व्हावे; नोंदणी झाल्याचा संदेश लगेच येतो. दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत, जेव्हा घरोघरी शेगडी दिवसभर पेटलेली असते, तेव्हाही या एजन्सीने पुरवठा फार लांबवल्याचे मला आठवत नाही.

अडचण सुरू होते ती सिलिंडर निघाल्याचा संदेश आल्यानंतर. त्या संदेशात बिलाची रक्कम असते, डिलिव्हरीच्या वेळी सांगायचा सांकेतिक क्रमांक असतो, फक्त वेळ नसते. कार्यालयात फोन केला तर तो बहुधा उचलला जात नाही, आणि उचललाच तर ‘आज येईल’ एवढेच उत्तर मिळते. नवरा-बायको दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरात ‘आज’ या उत्तराचा अर्थ कोणीतरी एकाने रजा टाकावी असा होतो. ज्या घरात एकच सिलिंडर आहे तेथे तर सिलिंडर येईपर्यंत स्वयंपाकच अडून राहतो. टेम्पो सकाळी गोदामातून निघतो तेव्हा त्या दिवशीच्या पत्त्यांची यादी चालकाच्या हाती असते आणि गल्ल्याही ठरलेल्या असतात. अशा स्थितीत ‘सकाळी’, ‘दुपारी’ किंवा ‘संध्याकाळी’ एवढा एक शब्द ग्राहकाला कळवणे या एजन्सीला सहज जमण्यासारखे आहे, आणि तरीही ते केले जात नाही, याचा मला खरोखर राग येतो.

दुसरा त्रास त्या सांकेतिक क्रमांकाचा. सिलिंडर ग्राहकाच्या हाती पोहोचले याची खूण म्हणून तो क्रमांक दारात सांगायचा असतो. आपल्या नावावरचे सिलिंडर परस्पर दुसरीकडे जाऊ नये हाच त्यामागचा हेतू आहे. आमच्याकडे मात्र डिलिव्हरी करणारा मुलगा रस्त्यावरूनच फोन करतो, ‘ओटीपी सांगा, येतोच’ म्हणतो, आणि अनेकदा सिलिंडर मिळाल्याचा संदेश आधी व सिलिंडर नंतर अशी उलट वरात निघते. शेजारच्या काकूंकडे तर संदेश संध्याकाळी आला आणि सिलिंडर दुसऱ्या दिवशी. नोंदीप्रमाणे ते पोहोचलेले असल्यामुळे मधल्या काळात तक्रार तरी कशाची करायची, हा प्रश्न त्यांना पडला. सिलिंडर डोळ्यांसमोर असल्याशिवाय क्रमांक सांगायचा नाही, हा नियम आम्ही आता कटाक्षाने पाळतो.

सर्वांत गंभीर बाब तपासणीची आहे. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असायला हवा. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर लिहिलेले असते, त्यात 14.2 मिळवले की भरलेल्या सिलिंडरचे वजन किती भरायला हवे ते कळते. ग्राहकाने सांगितल्यास वजन करून दाखवणे बंधनकारक आहे आणि त्यासाठी डिलिव्हरी करणाऱ्याजवळ काटा असायला हवा. आमच्या अनुभवात काटा नेहमी खाली टेम्पोत राहिलेला असतो, आणि तो आणायला सांगितले की समोरच्याच्या चेहऱ्यावर अशी नाराजी येते की वयस्कर ग्राहक पुन्हा ती मागणी करण्याच्या फंदात पडत नाहीत. त्याच कड्यावर ‘बी-27’ सारखी एक खूण असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढचा आकडा वर्षाचा. सिलिंडरची पुढची चाचणी तोपर्यंत व्हायला हवी. मुदत उलटलेले सिलिंडर घेऊ नये, ते तिथल्या तिथे परत करावे.

यानंतर सील काढून, टोपी उघडून, व्हॉल्व्हच्या तोंडाशी काळे रबरी वॉशर शाबूत आहे ना आणि गॅस झिरपत नाही ना, हे पाहणेही डिलिव्हरीचाच भाग आहे. ते न करता सिलिंडर दारात टेकवून माणूस निघून जातो, रात्री रेग्युलेटर बसवल्यावर वास येऊ लागतो, तेव्हा एजन्सी बंद असते. अशा वेळी रेग्युलेटर बंद करून काढावा, टोपी घट्ट बसवावी, खिडक्या उघडाव्यात, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नये आणि घराबाहेर येऊन 1906 या क्रमांकावर फोन करावा. हे मला ठाऊक आहे, पण ही वेळ येण्याचे कारण खिशातले एक वॉशर बदलण्याचा आळस असेल, तर त्याला मी किरकोळ गैरसोय म्हणणार नाही.

राहिला वरच्या पैशांचा प्रश्न. घरपोच पोहोचवण्याचा खर्च बिलात धरलेला असतो, मजला कितवाही असो; उलट, गोदामातून स्वतः सिलिंडर उचलणाऱ्याला रकमेत सूट मिळण्याची तरतूद आहे. तरीही अॅपवर पूर्ण पैसे भरलेल्या ग्राहकाकडे दारात हात पुढे होतोच. मला त्या मुलावर रोष धरवत नाही, कारण लिफ्ट नसलेल्या इमारतीत तीस किलोच्या आसपासचे ओझे खांद्यावर घेऊन चार मजले चढणे हे कष्टाचे काम आहे. त्या कष्टाचा मोबदला एजन्सीने द्यायला हवा. तो पुरेसा न देता ग्राहक आणि कामगार यांना दर खेपेला दारात घासाघीस करायला लावणे, हा या सेवेतला मला सर्वांत अप्रिय वाटणारा भाग आहे.

अॅपवर तक्रार नोंदवली, तर कोणाचाही फोन न येता ‘तक्रारीचे निवारण झाले’ असा संदेश येतो.

एकूण सेवेला मी 5 पैकी 2 गुण देतो, आणि ते दोन्ही नोंदणी व नियमित पुरवठा यांसाठी आहेत. आमच्या भागात नव्याने राहायला येणाऱ्यांनी जोडणी घेण्यापूर्वी आसपासच्या दुसऱ्या वितरकांची चौकशी अवश्य करावी. आधीच ग्राहक असलेल्यांनाही पोर्टेबिलिटीची सोय आहे. त्याच कंपनीच्या दुसऱ्या वितरकाकडे जाणे सोपे आहे. कंपनीच बदलायची असेल तर मात्र सिलिंडर व रेग्युलेटर परत करून नवी अनामत भरावी लागते. आम्ही याच कंपनीच्या दुसऱ्या वितरकाकडे जाण्यासाठी अर्ज केला आहे.