सीलबंद पाऊचातली 'नवी' हार्डडिस्क

घरी पीसी असेंबल करताय आणि दुकानदार 'ट्रे पॅक आहे, बॉक्स नाही येत, पण माल एकदम नवा' म्हणत हार्डडिस्क पुढे करतोय, तर दोन मिनिटं थांबा आणि हे वाचा.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, डोंबिवलीत घरातच. मार्च २०२५ मध्ये जुना पीसी अगदीच रडायला लागला म्हणून रायझन ५ ५६०० प्रोसेसर, ३०६० चं ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी असं एकेक करत जमवलं, सगळं पक्क्या बिलावर. राहिली फुटेजसाठीची ४ टीबीची हार्डडिस्क. मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका पहिल्या मजल्यावरच्या दुकानात बाकीच्यांपेक्षा दीड हजाराने स्वस्त मिळाली, ७४०० ला. बिल मागितलं तर म्हणे पक्कं बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वर लागेल, वॉरंटीचं टेन्शन नको, एक वर्ष मी बसलोय ना इथे. मी पण शहाणा, १३०० रुपये वाचले म्हणून खूश होऊन ग्रँट रोडला वडापाव खाऊन घरी आलो.

पहिला आठवडा मस्त गेला. मग एकदा रात्री एक्सपोर्ट चालू असताना सगळं थिजलं, माऊस पण हलेना. पॉवरचं बटण दाबून धरलं, चालू केलं तर डी ड्राइव्ह, म्हणजे हीच नवी डिस्क, गायब, विंडोजच्या आधी येणाऱ्या बायोसमध्ये पण नाही. पूर्ण बंद करून, स्विचवरून पॉवर काढून पाच मिनिटांनी लावलं की परत हजर. हे दर दोन-तीन दिवसांनी व्हायला लागलं आणि मधूनच निळी स्क्रीन, कर्नल डेटा इनपेज एरर.

आता माझी पहिली चूक. विंडोजची एररची नोंदवही, इव्हेंट व्ह्यूअर, उघडला, त्यात लाल खुणेचं कर्नल-पॉवर ४१. युट्यूबवर जो तो म्हणतो ४१ म्हणजे पॉवर सप्लाय. खरं तर त्याचा अर्थ एवढाच की विंडोज नीट शटडाऊन न होता बंद पडलं, आणि ते बंद कोण करत होतं, मीच, बटण दाबून! पण तेव्हा कुठे डोकं चाललं, त्याच दुकानदाराला फोन केला. त्याने न बघताच निदान केलं, 'दादा तुमचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, वीक आहे, ५५० वॅट पुरत नाही, ६५० टाका, माझ्याकडे आहे.' प्रोसेसर ६५ वॅटचा, कार्ड १७० चं, ५५० मध्ये आरामात बसतं हे साधं गणित, पण समोरचा छातीठोक बोलला की आपण गणित करत नाही. अजून ४६०० गेले.

फरक शून्य. परत फोन केला की 'रॅम चेक करा', 'साटा केबल बदला', 'विंडोज नवीन टाका'. रात्रभर रॅम तपासणारा मेमटेस्ट लावला, एकही एरर नाही. रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी सेटिंग बंद करून बघितली. डिस्कची साटा केबल बदलली, पोर्ट बदलला. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं की दुसऱ्या एम डॉट टू स्लॉटमध्ये एसएसडी लावली तर दोन साटा पोर्ट बंद होतात, तर एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली, आणि माझा तो स्लॉट रिकामाच होता. ह्या सगळ्यात ती डिस्क सोडून बाकी सगळ्यावर संशय घेतला, कारण ती 'नवी' होती ना.

शेवटी मेहुण्याचा मुलगा आला, इंजिनिअरिंगला आहे. त्याने ४१ कडे बघितलंच नाही, त्याच्या आधीच्या ओळी बघितल्या. डिस्कच्या नावाने पिवळ्या खुणेचे १५३, १५३, १५३, मधेच लाल ७. १५३ म्हणजे डिस्कला तेच काम परत सांगावं लागलं, सात म्हणजे बॅड ब्लॉक. मग विचारलं, 'काका, पेजफाइल कुठे ठेवलीय?' रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरची जी फाइल वापरतं ती. एसएसडी झिजू नये म्हणून मी ती डी वर हलवलेली. म्हणजे डिस्कने वाचून द्यायला नकार दिला की विंडोजच झोपायचं, निळ्या स्क्रीनचं कोडं तिथेच सुटलं.

डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो मध्ये पिवळं कॉशन आलं, पण डिस्क चालल्याचे तास दाखवत होतं फक्त २१२, म्हणजे माझ्याच वापराचे. मी म्हटलं बघ, नवीच आहे, पीस खराब निघाला असेल. तो म्हणाला हे तास पुसता येतात. माझ्यासारख्या सीगेट कंपनीच्या डिस्कमध्ये फार्म नावाचा वेगळा लॉग असतो, त्यातही तास असतात, तो स्मार्टसीटीएल नावाच्या प्रोग्रॅमने वाचता येतो. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्याचं प्रकरण निघालं तेव्हा लोकांनी ह्याच लॉगवरून पकडलं, चिया नावाच्या क्रिप्टोसाठी राबवलेल्या डिस्क असाव्यात असा संशय होता. माझ्या डिस्कने आकडा टाकला २६ हजार तासांच्या वर. दिवसरात्र चालू धरली तरी तीन वर्षं होतात हो.

मग डिस्क बाहेर काढून खिडकीशी नेली. बाजूच्या स्क्रूच्या भोकांमध्ये आटे चमकत होते, आधी कधीतरी स्क्रू पिळल्याशिवाय असं होत नाही, माझ्या कॅबिनेटमध्ये तर ट्रेला नुसत्या प्लास्टिकच्या पिना आहेत. साटाच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक उभ्या रेघा. हे सगळं घेतानाच दिसलं असतं, पण चंदेरी पाऊच सीलबंद होतं आणि ते दुकानात फोडायची मला लाज वाटली! सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर वॉरंटी केव्हाच संपलेली. कंपनीचा ह्यात काही दोष नाही, उलट हा नंबर काउंटरवर उभं राहून मोबाईलवर टाकला असता तर मी वाचलो असतो.

दुकानात गेलो तर ठरलेलं उत्तर, 'सील खुल गया साहब, अब क्या बोलूं, और महिना भी हो गया.' महिना का झाला ते आता कळलं. २०१९ च्या ग्राहक कायद्यात बिल न देणं ही अनुचित प्रथा आहे, आणि बिलावर मुदत नसेल तर सदोष माल ३० दिवसांच्या आत परत न घेणं हीसुद्धा. ते ३० दिवस त्याने मला एसएमपीएस, रॅम आणि केबलमध्ये फिरवून संपवले. १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार केली, त्यांनी पहिलं बिलच मागितलं. माझ्याकडे यूपीआयची पावती आणि व्हॉट्सअपवर त्याने पाठवलेलं एस्टिमेट, तेवढंच जोडलं. मेसेज डिलीट केला नव्हता हे नशीब.

तीन चकरांनंतर त्याने डिस्कचे ६००० परत केले, एसएमपीएसवर काही नाही. दोन हळदींचं फुटेज वाचलंच नाही, त्या पार्टीला मी काय तोंड दिलं ते विचारू नका.

पैसे मोजून देताना त्याने डिस्क उचलली आणि काउंटरखालच्या ड्रॉवरमध्ये टाकली, त्याच ड्रॉवरमध्ये जिथे तसली चंदेरी पाऊचं रचलेली होती. मी घरूनच डिस्कच्या खालच्या बाजूला हिरव्या बोर्डाशेजारी निळ्या परमनंट मार्करने छोटी फुली मारून नेली होती. थिनरने पुसली नसेल तर ४ टीबीची 'नवी' घेताना उलटी करून बघा.