राजवाडा बंद नव्हता

बँकॉकला जाणाऱ्यांनी हे वाचावं म्हणून लिहितेय. आमचे लाखभर रुपये गेले, ते आता परत येत नाहीत. निदान तुमचे जाऊ नयेत.

लग्नाला 25 वर्षं झाली म्हणून आम्ही दोघंच गेलो होतो, टूर कंपनीशिवाय. सकाळी सनम चाय मेट्रो स्टेशनला उतरलो, वाट फो मंदिर पाहिलं आणि चालत ग्रँड पॅलेसकडे निघालो. इथली एक गोष्ट आधी सांगते, कारण सगळा डाव तिच्यावरच उभा आहे. राजवाड्याची तटबंदी जवळजवळ 1,900 मीटर लांब आहे आणि पर्यटकांना आत सोडतात ते उत्तरेकडून, ना फ्रा लान रस्त्यावरच्या दारातून. वाट फोच्या बाजूने आलात तर समोर नुसती पांढरी भिंत आणि लावलेली दारं. "बंद आहे" असं कुणी म्हटलं की पटतंच.

तसं म्हणणारा भेटलाही. पांढरा इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पन्नाशीचा. आधी "नमस्ते", मग कुठून आलात, मुलं किती, अशी चौकशी. आज धार्मिक समारंभ आहे, राजवाडा दुपारी एकनंतर उघडेल, म्हणाला. तोवर दुसरी देवळं बघून या. यांच्या हातातला नकाशा घेऊन त्याने स्वतःच्या पेनाने तीन ठिकाणी गोल केले. तिसऱ्या गोलाजवळ म्हणाला, इथे सरकारी रत्नांची विक्री आहे, आजचा शेवटचा दिवस. रिक्षाही त्यानेच थांबवली. तीन ठिकाणं फिरवून आणायचे फक्त 40 बाट! तिथेच शंका यायला हवी होती. एवढ्या पैशात टुकटुकवाला अर्धा दिवस का घालवेल? अशा दुकानांकडून त्यांना गिऱ्हाइकामागे पेट्रोलचं कूपन किंवा कमिशन मिळतं, हे नंतर कळलं.

पहिलं देऊळ छोटं आणि रिकामं होतं. आत एकच माणूस बसलेला, साधा, शांत. स्वतःहून बोलला नाही, यांनीच विचारलं. त्याने सांगितलं की तो शिक्षक आहे आणि पुतणीच्या लग्नासाठी त्याच सरकारी विक्रीतून नीलम घेऊन आलाय. दोन अनोळखी माणसं वेगवेगळ्या जागी एकच गोष्ट सांगताहेत म्हटल्यावर आमची खात्रीच पटली. दोघं एकाच टोळीतले असतील हे मनातही आलं नाही.

यांना साडेसाती चालू आहे. नीलम आठ दिवस उशाशी ठेवून पारखावा, लाभला तर घालावा, असं सासूबाई नेहमी सांगायच्या. दुकानात ट्रेवर दोन निळे खडे समोर आले तेव्हा माझ्या डोक्यात फक्त तेच होतं. 40,000 बाट. कार्ड मी दिलं, पिनही मीच दाबला. विक्रेत्याने आग्रहाने खडे तिथेच डब्यात बंद करून कुरियरला टाकले, "विमानतळावर त्रास नको" म्हणून. खरं कारण हे की आपण त्याच दिवशी कुणाला दाखवू नयेत.

डबा घरी आला. आमच्या सराफांनी भिंग लावलं, खडा दिव्यासमोर फिरवला आणि मलाही बघायला सांगितलं. आत निळ्या रंगाचे पट्टे होते, ताटलीच्या कडेसारखे वळलेले. खाणीतल्या नीलममध्ये रंगाच्या रेषा सरळ असतात, म्हणाले, असे वळलेले पट्टे भट्टीत बनवलेल्या खड्यात दिसतात. प्रमाणपत्र दुकानाने स्वतःच छापलेलं. बँकेत तक्रार केली. व्यवहार तुम्हीच मंजूर केलात, असं उत्तर आलं.

थायलंड सरकारचं रत्नांचं दुकानच नाही. सरकारची आहे ती रत्नं तपासणारी संस्था, जीआयटी, आणि ती खडे विकत नाही. राजवाड्याचा एखादा भाग समारंभासाठी कधी खरंच बंद असतो, पण ते उत्तरेच्या दारावरच्या पहारेकऱ्याला विचारा, रस्त्यातल्या कुणाला नाही. फसलात असं वाटलं तर त्याच दिवशी, तिथेच असताना, 1155 वर पर्यटक पोलिसांना फोन करा. देश सोडल्यावर हातात फार काही उरत नाही. आणि निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाची परदेशातली मर्यादा कमी करून ठेवा. रिझर्व्ह बँकेमुळे 2020 पासून ही सोय आपल्या हातात आहे. आमची 20 हजारांवर असती तर कार्ड त्या दुकानात चाललंच नसतं. थायलंडमध्ये प्रवेशाचा डिजिटल फॉर्म, 1 मे 2025 पासून लागणारा, मोफत आहे. त्याचे पैसे मागणारी साइट सरकारी नव्हे.

गेल्या आठवड्यात शेजारचे काका-काकू बँकॉकला निघाले. त्यांच्या नकाशावर ना फ्रा लान रस्त्याच्या दाराभोवती मी लाल पेनाने गोल करून दिला आणि बाजूला 1155 लिहिलं.